फ्लॉरेन्सला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: व्हिसापासून कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छत्रीपर्यंत

फ्लॉरेन्सचं जुनं शहर एवढंसं आहे की सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपासून सांता क्रोचे चर्चपर्यंत रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासाच्या आत पोचता. नकाशा बघून लोक म्हणतात, दीड दिवसात उरकेल. मग सकाळी दहाला उफ्फिझी या चित्रसंग्रहालयासमोरची रांग दिसते, मुख्य चर्चच्या घुमटाची तिकिटं चार दिवसांपूर्वीच संपलेली असतात, आणि नेमका सोमवार असल्यामुळे मायकेलअँजेलोचा डेव्हिड पुतळा असलेल्या संग्रहालयाला कुलूप असतं. इथे चालण्याचं नियोजन लागत नाही, वेळ ठरवून काढायच्या तिकिटांचं लागतं. तेही फक्त तीन ठिकाणांसाठी. ती तीन आधी पक्की करा, बाकी शहर मोकळं सोडा, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढचं सगळं त्याचाच तपशील.

१. कधी जायचं

मार्चचा उत्तरार्ध, एप्रिल, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हे दिवस चांगले. शहर आर्नो नदीच्या खोऱ्यात, टेकड्यांच्या कुशीत बसलंय, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हवा हलत नाही आणि दगडी रस्ते रात्रीपर्यंत तापलेले असतात. आपल्याला उन्हाची सवय असते हे खरं, पण तीन-चार तास सावलीशिवाय रांगेत उभं राहायची नसते. शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे महिन्यातच जाणं भाग असेल तर जा, पण मग खालची तिसरी आणि पाचवी पायरी दोनदा वाचा.

१५ ऑगस्टला इटलीत 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते आणि त्याच्या आगेमागे अनेक घरगुती खानावळी बंद असतात. २४ जूनला शहराचे संरक्षक संत जॉन यांचा सण, त्या रात्री आतषबाजी होते. त्या आठवड्यात खोल्या महाग मिळतात.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. अर्ज व्हीएफएस या अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा, निर्णय इटलीची वकिलात घेते. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्याआधी केंद्राच्या तारखाच मिळत नाहीत. प्रौढांना व्हिसा शुल्क ९० युरो आणि वर केंद्राचं सेवाशुल्क. एसएमएस, कुरिअर, लाउंज वगैरे विचारतील, ते सगळं ऐच्छिक असतं.

जवळ हवं ते असं:

- पासपोर्ट: गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्ट असतील तर तेही.
- शेंगेनच्या मापाचे फोटो. आपला नेहमीचा पासपोर्ट साइज फोटो चालत नाही, स्टुडिओत तसं सांगा.
- जाण्यायेण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग.
- ३०,००० युरोचं किमान संरक्षण देणारा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवास विमा.
- बँक स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, कार्यालयाचं रजेचं पत्र. निवृत्तांनी पेन्शनचे कागद, व्यावसायिकांनी नोंदणीचे.
- दिवसवार कार्यक्रम आणि साधं, खरं पत्र: कोण, कुठे, किती दिवस, खर्च कोणाचा.

अर्ज कोणत्या देशाकडे, यात पुष्कळ गोंधळ होतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरता त्याच्याकडे. पॅरिसला पाच रात्री आणि इटलीत तीन असतील तर इटलीकडे अर्ज करून उपयोग नाही. आणि खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आणून टाकू नका. ती लपत नाही, उलट तिचा खुलासा मागतात.

सामानाबद्दल एक: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तळलेले पोहे चालतील.

३. पोचायचं कसं

भारतातून फ्लॉरेन्सला थेट विमान नाही. शहराला स्वतःचा छोटा विमानतळ आहे, पेरेतोला. पण त्याची धावपट्टी आखूड आहे, आणि वारा उलटा असला की विमानं पिसा किंवा बोलोन्याला वळवतात. म्हणून मी तरी सांगेन की रोम किंवा मिलानला उतरा आणि पुढे रेल्वेने या. रोमहून वेगवान गाडीला साधारण दीड तास, मिलानहून दोन तासांच्या आसपास. पेरेतोलालाच उतरलात तर टॅक्सी कशाला, टी-२ ट्राम वीसेक मिनिटांत शहरात आणते.

युरोपात पहिल्यांदा जिथे उतराल, तिथे आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकावर नोंद करतात. पहिल्या वेळी याला वेळ लागतो, म्हणून पुढच्या विमानात किंवा गाडीत तासाभराचं अंतर ठेवू नका, तीन तास ठेवा.

रेल्वेबद्दल दोन-तीन गोष्टी. फलकावर 'फ्लॉरेन्स' शोधू नका, तिथे 'फिरेन्झे' असतं, आणि तुमचं स्टेशन 'फिरेन्झे एस. एम. एन.' काही गाड्या काम्पो दी मार्ते किंवा रिफ्रेदी या बाजूच्या स्टेशनांवर थांबतात, तिकीट काढताना नाव नीट बघा. त्रेनइतालियाच्या फ्रेच्चारोसा आणि खासगी इतालो, या दोन्ही वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं चढतं, लवकर काढलं तर अर्ध्याहून कमी पडू शकतं. मात्र स्वस्तातलं तिकीट बहुधा बदलता येत नाही.

प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, त्यांची तिकिटं आधी काढायची गरज नाही. तिथे सापळा वेगळा आहे. कागदी प्रादेशिक तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवावी लागते. ऑनलाइन काढलं असेल तर फोनवर 'चेक-इन' करावं लागतं. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, म्हणजे विनातिकीट. तपासनीस हुज्जत घालत नाही, थेट पावती फाडतो.

४. राहायचं कुठे

द्वोमो म्हणजे मुख्य चर्च, त्याच्या अवतीभवती राहिलात तर सगळं पायाखाली, पण पैसे जास्त आणि रात्री आवाज. नदीपलीकडचा ओल्त्रार्नो भाग मला जास्त भावतो. सांतो स्पिरितोच्या चौकात सकाळी भाजीवाले बसतात, गल्ल्यांत अजून चौकटी करणारे, सोनेरी मुलामा देणारे कारागीर आहेत. स्टेशनजवळ राहणं मोठ्या बॅगांवाल्यांना आणि रोज सिएना-पिसाला जाणाऱ्यांना सोयीचं.

बुकिंग करताना दोन प्रश्न हमखास विचारा: लिफ्ट आहे का, आणि उन्हाळा असेल तर एसी आहे का. पाचशे वर्षांच्या इमारतीत तिसरा मजला म्हणजे आपल्याकडचा पाचवा समजा. आईवडील बरोबर असतील तर लिफ्टशिवायचं घर कितीही सुंदर दिसलं तरी घेऊ नका.

मुक्कामाचा पर्यटन कर बुकिंगच्या रकमेत सहसा धरलेला नसतो. तो माणशी, दर रात्री, हॉटेलच्या दर्जानुसार काही युरो असतो आणि तिथेच द्यावा लागतो. लहान मुलांना माफ असतो. फसवणूक नव्हे, पावती मागा आणि भरा.

आता पत्त्याची गंमत. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर क्रमांकांच्या दोन माळा असतात. घरांचे क्रमांक काळे किंवा निळे, दुकानांचे आणि खानावळींचे लाल. लाल क्रमांकापुढे पत्त्यात 'आर' लिहितात, रोस्सो म्हणजे लाल. त्यामुळे काळा २५ इथे आणि लाल २५ पार शंभर पावलं पुढे, असं सर्रास होतं. बॅगा ओढत उलटसुलट फिरण्यापेक्षा 'आर' आहे का ते आधी पाहा.

५. आधी काढायची तीन तिकिटं

घुमट. सांता मारिया देल फिओरे, म्हणजेच द्वोमो, या चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे, रांग मात्र लांब. त्यावरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायचं तर वेळेचं तिकीट लागतं, आणि ते सगळ्यात आधी संपतं. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, मधून परत फिरायला नीट जागा नाही. गुडघे, दमा किंवा बंद जागेची भीती असेल तर नाद सोडा. जमत असेल तर मात्र सोडू नका, कारण तुम्ही घुमटाच्या दोन कवचांमधून चढत असता. १४२० ते १४३६ मध्ये, खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता, फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने हा विटांचा घुमट उभा केला. ओल्या चुन्यातल्या विटा आत घसरू नयेत म्हणून मधूनमधून उभ्या विटा बसवून त्याने तिरकी वीण घातली. अरुंद जिन्यात दम खायला थांबाल तेव्हा भिंतीकडे बघा, ती वीण दिसते. त्याच पासावर जोत्तोचा मनोरा (४१४ पायऱ्या), बाप्तिस्तेरी म्हणजे बाप्तिस्म्याची वेगळी इमारत, आणि मागचं संग्रहालयही येतं, आणि पास तीन दिवस चालतो. घुमटाची वेळ मात्र एकदा ठरली की ठरली. घुमट आणि मनोरा दोन्ही एकाच दिवशी चढायचा हट्ट नको. मला विचाराल तर संग्रहालय चुकवू नका. गिबेर्तीने केलेले बाप्तिस्तेरीचे मूळ सोनेरी दरवाजे तिथे आहेत, बाहेर गर्दी ज्यांचे फोटो काढते त्या प्रती.

उफ्फिझी. सोमवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, आणि नेमकं म्हणूनच त्या दिवशी इथे येऊ नये. तिकीट संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोध घेतल्यावर वरती दिसणाऱ्या जाहिराती बहुतेक मध्यस्थांच्या असतात, तेच तिकीट दुपटीने विकतात. आत सगळं बघायचा प्रयत्न केलात तर दीड तासात चित्रं एकमेकांत मिसळायला लागतात. आधीच आठ-दहा ठरवून जा: चिमाबुए आणि जोत्तो यांच्या एकाच दालनातल्या मॅडोना (मेरी आणि बाळ येशूची चित्रं), बोत्तिचेल्लीची 'प्रिमावेरा' आणि 'व्हीनसचा जन्म', लिओनार्दोचं तरुणपणचं चित्र, मायकेलअँजेलोचं गोल चित्र, कारावाज्जोची ढालीवरची मेडुसा. हा खजिना लंडन-पॅरिसला न जाता इथेच राहिला त्याचं श्रेय शहरावर राज्य केलेल्या मेदिची घराण्याच्या शेवटच्या वारस आन्ना मारिया लुईसा यांना. १७३७ मध्ये त्यांनी करारातच लिहून घेतलं की संग्रह शहराबाहेर जाणार नाही.

अकादेमिया. इथे डेव्हिड आहे. तीही सोमवारी बंद. पालाझ्झो वेक्यो या जुन्या राजवाड्यासमोरच्या चौकात उभा असलेला डेव्हिड ही प्रत. मूळ पुतळा १८७३ मध्ये चौकातून इथे हलवला. तो ५ मीटरहून उंच आहे आणि फोटोत हे कळत नाही. त्याच्याकडे धावताना दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले 'कैदी' आहेत, तिथे आधी थांबा. दगडातून माणूस कसा बाहेर काढतात ते तिथे उघड दिसतं. तासभर पुरतो.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांनाही आणि पुरुषांनाही. उन्हाळ्यात पातळ ओढणी किंवा पंचा पिशवीत असू द्या. मोठी सॅक घुमटावर नेता येत नाही.

६. बाकीचं शहर, तिकिटाशिवाय

गाडी भाड्याने घेणार असाल तर ती फ्लॉरेन्समध्ये आणू नका. जुन्या शहरात 'झेड-टी-एल' हे मर्यादित वाहतुकीचं क्षेत्र आहे, कॅमेरे गाडीची नंबरप्लेट टिपतात आणि दंडाचं पत्र महिन्यांनी भारतातल्या पत्त्यावर येतं. बस-ट्रामही फार लागत नाही. लागलीच तर चढल्यावर यंत्राला बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, मात्र प्रत्येक माणसाचं कार्ड वेगळं असलेलं बरं.

फुकटात काय काय बघायला मिळतं याची यादी लांब आहे. पालाझ्झो वेक्योसमोरच्या उघड्या लोज्जामध्ये, म्हणजे कमानींच्या ओसरीत, चेल्लिनीचा पर्सियस आणि जाम्बोलोन्याचे पुतळे, कोणतंही तिकीट नाही. सांता त्रिनिता चर्चमध्ये गिर्लांदायोने रंगवलेलं सास्सेत्ती प्रार्थनागृह. ओन्यीस्सान्ती चर्चमध्ये बोत्तिचेल्लीची कबर. बहुतेक छोटी चर्चं दुपारी बारा ते तीन-चार बंद असतात, तेव्हा ती सकाळी घ्या. तिकीट काढून बघण्यासारख्यांत माझी पहिली पसंती सान मार्कोच्या मठाला: फ्रा आंजेलिकोने प्रत्येक साधूच्या खोलीत एकेक भित्तिचित्र काढलंय, आणि गर्दी उफ्फिझीच्या मानाने काहीच नाही.

पोन्ते वेक्योवर दिवसा मुंगीलाही वाट नसते, सकाळी आठच्या आत जा. हा १३४५ चा पूल. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एकच राखला. आज तिथे सोनारांची दुकानं आहेत. आधी खाटीक होते, १५९३ मध्ये ग्रँड ड्यूक फेर्दिनांदोने त्यांना हलवलं.

संध्याकाळी सगळे पियाझ्झाले मिकेलांजेलोला जातात. तिथून शहर छान दिसतं, पण बसायला जागा मिळत नाही. आणखी दहा मिनिटं चढलात तर सान मिनियातोचं चर्च येतं. देखावा तोच, माणसं कमी.

७. खाणंपिणं

शाकाहारी असाल तर तोस्काना प्रांतात उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. 'सोनो वेजेतारियानो' (बाईने 'वेजेतारियाना') एवढ्याने पुरत नाही, कारण सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने' असं म्हणा: मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणी नको. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. कडक शाकाहारी असाल तर 'सेन्झा फोर्माज्जो'ही म्हणा.

मागवायचं काय? रिबोल्लिता: शिळा पाव, पांढरे वाल, काळसर कोबी, पुन्हा उकळवलेलं घट्ट. पाप्पा आल पोमोदोरो: टोमॅटो, पाव, तुळशीच्या जातीची बेझिलची पानं, ऑलिव्ह तेल. फोडणीच्या पोळीवर वाढलेल्यांना हे दोन्ही लगेच आपलेसे वाटतात. उन्हाळ्यात पान्झानेल्ला, तोच पाव थंड कोशिंबिरीत. इथला पाव अळणी असतो, तक्रार करू नका, तो तसाच करतात. वर तेल आणि मीठ घ्या.

गोमांस खात नसाल तर दोन नावं लक्षात ठेवा. बिस्तेक्का आल्ला फियोरेन्तिना हा गायीच्या मांसाचा मोठा तुकडा, आणि हातगाड्यांवर पावात घालून मिळणारं लाम्प्रेदोत्तो म्हणजे गायीचं पोट. वास चांगला येतो म्हणून न विचारता घेणारे बरेच असतात.

दुपारचं जेवण अडीचपर्यंत, रात्रीचं साडेसातनंतर, मधे स्वयंपाकघर बंद. लहान मुलं बरोबर असतील तर सान लोरेन्झोच्या मेर्कातो चेन्त्राले या मंडईचा वरचा मजला कामी येतो, तो दिवसभर चालू असतो. बिलात 'कोपेर्तो' म्हणजे माणशी बैठकीचे पैसे असतात, ते सगळ्यांनाच लागतात. टिप द्यायची सक्ती नाही. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसलात की दर बदलतो. पाणी विकत घेऊ नका, बाटली बरोबर ठेवा. पालाझ्झो वेक्योच्या बाजूला नेपच्यूनच्या कारंज्यापाशी पिण्याच्या पाण्याचा फुकट नळ आहे, त्यातून साधं आणि सोड्यासारखं दोन्ही येतं.

८. फसगतीच्या जागा, थोडक्यात

- फुटपाथवर चित्रं पसरून ठेवलेली असतात. चुकून पाय पडला की विक्रेता नुकसानभरपाई मागतो. खाली बघून चाला, अडवलंच तर न थांबता पुढे जा.
- नकली ब्रँडच्या पर्स रस्त्यावर विकत घेणाऱ्यालाही इटलीत दंड होतो.
- एटीएम किंवा कार्डयंत्राने 'रुपयांत की युरोत' विचारलं तर नेहमी युरो.
- डोंगरासारखं रचलेलं, भडक रंगाचं जेलातो (इटालियन आइसक्रीम) टाळा. चांगलं बहुधा झाकणाच्या डब्यात असतं आणि पिस्ता मळकट हिरवा असतो.
- आपली जाड तीन पिनांची प्लग बसत नाही, अडॅप्टर घरून न्या.
- स्टेशन आणि ट्रामच्या गर्दीत सॅक पुढे. तातडीसाठी सगळीकडे ११२.

९. अर्धा दिवस कास्चीने बागेसाठी

कोणत्याही सहल कंपनीच्या कार्यक्रमात हे नसतं, पण मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन इथे न जाणं मला पटत नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला निघाले. इंग्लंडहून परतताना, ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथे दहनाची रीत नव्हती, खास परवानगी मिळवावी लागली, आणि शहराच्या पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. आपल्याकडे संगमाचं महत्त्व काय ते सांगायला नको.

१८७४ मध्ये त्याच जागी छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा उभा राहिला. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही मँट यांनीच आखलेला. शेजारचा १९७० च्या दशकातला तारांवर तोललेला पूल 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे 'हिंदी माणसापाशी असलेला पूल', म्हणून ओळखला जातो, आणि ते नाव या स्मारकावरूनच आलंय.

जायचं असं: टी-१ ट्रामने 'कास्चीने' थांब्यावर उतरा आणि नदीच्या कडेने पश्चिमेला चालत राहा. बाग तीन किलोमीटरहून लांब आहे आणि स्मारक अगदी शेवटी, म्हणजे पाऊण तास धरा. सायकल भाड्याने घेतली तर उत्तम. मंगळवारी सकाळी जाल तर बागेत मोठा आठवडी बाजार लागलेला असतो, कपडे आणि भांडी शहरापेक्षा स्वस्त. उजेड असतानाच परता, अंधार पडल्यावर त्या टोकाला वर्दळ नसते. पाणी आणि खाऊ बरोबर घ्या, स्मारकापाशी भरवशाचं दुकान नाही.

१०. निघताना

चामड्याची वस्तू घेणार असाल तर सान लोरेन्झोच्या बाहेरच्या टपऱ्यांवर घासाघीस चालते, पण माल कुठला ते सांगता येत नाही. सांता क्रोचेच्या मागे 'स्कुओला देल कुओयो' ही चामडेकामाची शाळा आहे, तिथे कारागीर काम करताना दिसतात. महाग आहे, पण काय घेतोय ते कळतं.

एकाच दुकानात ७० युरोंहून जास्त खरेदी केली तर युरोपबाहेर राहणाऱ्यांना कराचा काही भाग परत मिळतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून 'टॅक्स फ्री' अर्ज भरून घ्या, नंतर मिळत नाही. युरोपीय संघ सोडताना विमानतळावर त्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि वस्तू दाखवा म्हणू शकतात. त्यामुळे पर्स मोठ्या बॅगेत असेल तर ती बॅग चेक-इनला देण्याआधी हे काम उरका, आणि त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोचा.